अल्ब्युमिन ते ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड: तातडीच्या उपचारांच्या पुराव्याचा मागोवा

रक्तस्राव झालेल्या किंवा गंभीर भाजलेल्या रुग्णाला शिरेतून अल्ब्युमिन देण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात सुरू झाली. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यात भाजलेल्यांना ते देण्यात आले आणि पुढची पन्नासएक वर्षे ते अतिदक्षता विभागात टिकून राहिले. त्यामागचा तर्क सरळ होता. अल्ब्युमिन हे रक्तद्रवातील मोठ्या रेणूचे प्रथिन असल्याने ते पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवते, म्हणजे घसरलेला रक्तदाब सावरायला साध्या सलाइनपेक्षा ते सरस ठरावे. सलाइनच्या कितीतरी पट किंमत मोजून रुग्णालये ते वापरत होती. रुग्ण त्याने जास्त वाचतात का, याची मोठ्या संख्येवर पडताळणी मात्र झालेली नव्हती.

ती पडताळणी जुन्या छोट्या चाचण्या एकत्र करून झाली. उपचारांच्या पुराव्याचे पद्धतशीर आढावे घेणारी कॉक्रेन ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. दुखापतींवरचा तिचा गट १९९७ पासून लंडनमध्ये इयान रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली काम करू लागला. जुलै १९९८ मध्ये या गटाचा अल्ब्युमिनवरील आढावा ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ३० चाचण्यांतील १,४१९ रुग्णांची आकडेवारी एकत्र केल्यावर, अल्ब्युमिन दिलेल्या दर १०० रुग्णांमागे सहा मृत्यू जास्त दिसत होते. एकच खळबळ उडाली. चाचण्या छोट्या आहेत, जुन्या आहेत, भाजलेले, शस्त्रक्रिया झालेले आणि प्रथिने कमी झालेले असे वेगवेगळ्या प्रकारचे रुग्ण एकाच मापाने मोजले आहेत, असे आक्षेप आले. ते सगळेच बिनबुडाचे नव्हते.

या वादाचा निकाल ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ‘सेफ’ चाचणीने २००४ मध्ये दिला. अतिदक्षता विभागांतील ६,९९७ रुग्णांपैकी निम्म्यांना अल्ब्युमिन, निम्म्यांना सलाइन मिळाले. २८ दिवसांत पहिल्या गटात ७२६ आणि दुसऱ्यात ७२९ मृत्यू झाले, म्हणजे फरक जवळजवळ शून्य. आढाव्यातला सहा जादा मृत्यूंचा आकडा टिकला नाही, पण महागड्या द्रावणाची सरसताही टिकली नाही. डोक्याला मार लागलेल्या ४६० रुग्णांचा पुढे दोन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा अल्ब्युमिन गटातील ३३.२ टक्के आणि सलाइन गटातील २०.४ टक्के रुग्ण दगावल्याचे आढळले. एकंदरीत निरुपद्रवी ठरलेले द्रावण एका गटाला घातक असू शकते, हे त्यातून दिसले.

द्रव किती आणि कधी द्यायचा, हा प्रश्न याहून जुना आहे. जखमीला नेतानाच भराभर सलाइन चढवून रक्तदाब वर आणावा, असे शिकवले जाई. अमेरिकी शल्यचिकित्सकांच्या प्रशिक्षणक्रमात सुरुवातीलाच दोन लिटर देण्याचा पाठ होता, तो पुढे एका लिटरवर आला. ह्यूस्टनमध्ये गोळी किंवा सुरा लागून धडाला जखम झालेल्या ५९८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत द्रव रोखून धरलेल्यांपैकी ७० टक्के जगले, लगेच द्रव मिळालेल्यांपैकी ६२ टक्के. रक्तदाब वाढला की नुकतीच धरलेली गुठळी निघते आणि रक्त पातळ होऊन गोठणे मंदावते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातील ३,१४१ तापग्रस्त, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांवरील ‘फीस्ट’ चाचणीने यापेक्षाही मोठा धक्का दिला. एकदम मोठ्या प्रमाणात द्रव दिलेल्या दोन्ही गटांत ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुले दगावली, आणि तसा न दिलेल्या गटात ७.३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. श्रीमंत देशांतील अतिदक्षता विभागांतून आलेला शिरस्ता, श्वासयंत्रे नसलेल्या वॉर्डांत पडताळून पाहिल्याशिवाय उचलला गेला होता.

या काळातील सर्वांत बोलके प्रकरण स्टेरॉइडचे आहे. मेंदूला मार लागला की सूज येते आणि स्टेरॉइड सूज उतरवते, या तर्कावर डोक्याच्या दुखापतीत ती तीसेक वर्षे दिली जात होती. १९९७ च्या आढाव्यात उपलब्ध चाचण्यांतून फायदाही ठरत नव्हता आणि तोटाही. म्हणून १९९९ मध्ये ‘क्रॅश’ नावाची चाचणी सुरू झाली. तिच्यासाठी २०,००० रुग्णांचे लक्ष्य ठेवले होते. इतकी मोठी संख्या कशासाठी, हे समजायला एका रुग्णालयाचा हिशेब पुरतो. वर्षाला अशा पन्नास रुग्णांवर उपचार करणाऱ्या विभागात नऊऐवजी दहा किंवा अकरा मृत्यू झाले, तर ते कोणाच्याही लक्षात येत नाही. एखादे वर्ष वाईट गेले एवढेच म्हटले जाते. वरिष्ठांच्या अनुभवाला रुग्णालयात मान असतो, पण इतका लहान फरक त्या अनुभवाच्या चाळणीतून निसटतो.

मे २००४ मध्ये चाचणी निम्म्यावर थांबवण्यात आली. तोवर ४९ देशांतील २३९ रुग्णालयांत १०,००८ रुग्णांची नोंद झाली होती. मिथिलप्रेडनिसोलोन मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत मरण पावले, औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय द्रावण मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. सहा महिन्यांनीही दरी कायम होती. शंभरांमागे तीन हा आकडा जगभरच्या डोक्याच्या दुखापतींना लावला, तर तीस वर्षांत या उपचाराने किती जण दगावले असतील, याचा अंदाज करणेही नकोसे वाटते. हे औषध देणारे डॉक्टर हलगर्जी नव्हते. ते पाठ्यपुस्तकाप्रमाणे चालले होते.

एवढ्या चाचण्या तातडीच्या विभागात झाल्या कशा, हेही पाहण्यासारखे आहे. रुग्ण बेशुद्ध, नातेवाईक वाटेत, वेळ मिनिटांत मोजायचा. त्यामुळे नोंदीचे काम शक्य तेवढे आटोपशीर ठेवले होते. रक्तस्रावावरील दुसऱ्या ‘क्रॅश’ चाचणीत, फोनवरून गट ठरवून घेणे शक्य नसेल तिथे विभागात क्रमांक घातलेली आठ पाकिटे असलेला खोका ठेवलेला असे. त्यातले सर्वांत लहान क्रमांकाचे पाकीट उचलायचे. आत औषध आहे की साधे द्रावण, हे कोणालाच ठाऊक नसे.

या दुसऱ्या चाचणीने शोध घेतला तो एका स्वस्त, जुन्या औषधाचा. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जगापुढे आणले. शरीर रक्ताची गुठळी धरते तशी ती विरघळवतेही. हे औषध ती विरघळण्याची क्रिया रोखते. मासिक पाळीतील अतिरक्तस्रावासाठी त्याची गोळी भारतातही सर्रास लिहून दिली जाते. नियोजित शस्त्रक्रियांत ते दिल्यास रक्त चढवण्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, हे आढाव्यांतून कळले होते. अपघातातील रुग्णांबाबत तसा पुरावा नव्हता.

‘क्रॅश-२’ मध्ये ४० देशांतील २७४ रुग्णालयांतून २०,२११ जखमींची नोंद झाली. त्यांत भारतातील रुग्णालयांचा वाटा मोठा होता. २०१० मध्ये निष्कर्ष आले. एकूण मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर उतरले होते. पण खरी गोष्ट पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात होती. दुखापतीनंतर पहिल्या तासात औषध दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर येत होते, तीन तासांनंतर दिले तर उलट वाढत होते: ३.१ ऐवजी ४.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ते जखमींच्या रक्तस्रावासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात हे औषध वापरून पाहावे, अशी उताको ओकामोतो यांची सुरुवातीपासूनची इच्छा होती. तेव्हा डॉक्टर मंडळी राजी झाली नाहीत. २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवरील ‘वुमन’ चाचणीचे निष्कर्ष एप्रिल २०१७ मध्ये आले. रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.९ वरून १.५ टक्क्यांवर आले होते, तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत १.७ वरून १.२ वर. त्याच्या सुमारे एक वर्ष आधी, २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी ओकामोतो यांचे निधन झाले होते.

यशाने हुरळून जाण्यासारखे मात्र नव्हते. २०१९ च्या ‘क्रॅश-३’ मध्ये डोक्याला मार लागलेल्या १२,७३७ रुग्णांत एकूण फायदा निर्विवाद दिसला नाही. सौम्य आणि मध्यम दुखापतींत तो दिसला, अतिगंभीर दुखापतींत दिसला नाही. २०२० च्या ‘हॉल्ट-इट’ चाचणीत अन्ननलिका, जठर आणि आतड्यांतील रक्तस्रावाच्या १२,००९ रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही, उलट शिरांत गुठळी होण्याचे प्रमाण दुपटीने वाढले. अपघातात चाललेले औषध दुसऱ्या रक्तस्रावात चालेलच, हा समज त्याने खोडून काढला.

याच काळात पुरावाच खोटा असू शकतो, हेही उघड झाले. हायड्रॉक्सिएथिल स्टार्च या द्रवाची बाजू मांडणाऱ्या एका जर्मन भूलतज्ज्ञाचे जवळजवळ नव्वद शोधनिबंध २०११ मध्ये मागे घेतले गेले. पुढच्याच वर्षी स्कँडिनेव्हियातील ‘सिक्स-एस’ चाचणीत गंभीर जंतुसंसर्गाच्या ७९८ रुग्णांपैकी, स्टार्च मिळालेले ५१ टक्के आणि दुसऱ्या द्रवावरील ४३ टक्के ९० दिवसांत दगावले. डोक्याच्या दुखापतीत मॅनिटॉल या औषधाचा मोठा डोस देण्याच्या तीन चाचण्यांवर २००७ मध्ये संशय घेतला गेला. त्यांच्या निबंधांत नोंदवलेल्या विद्यापीठाने संबंधित डॉक्टर आपल्याकडे कधीच नव्हते असे कळवले, आणि ज्या रुग्णांवर प्रयोग झाल्याचे म्हटले होते ते खरोखर होते की नाही, याची खात्री करता आली नाही. त्या चाचण्या तोवर आढाव्यांत शिरल्या होत्या.

३१ मार्च २०२३ ला ब्रिटिश सरकारचा निधी थांबला आणि कॉक्रेनचा दुखापत गट बंद झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनीतील १,३१० जखमींवरील ‘पॅच’ चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णालयात पोहोचण्याआधीच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलेल्यांत २८ दिवसांतील मृत्यू कमी होते, १७.३ टक्के विरुद्ध २१.८ टक्के. सहा महिन्यांनी स्वावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच, सुमारे साडेत्रेपन्न टक्के निघाले. जगलेल्यांपैकी बरेच जण परावलंबी राहिले. त्यामुळे रुग्णवाहिकेतच हे औषध द्यावे की नाही, याबद्दल शल्यचिकित्सकांत अजून एकमत नाही.