सुट्टीतलं प्रॅक्टिकल : भाकरी

सबमिशन, ओरल, परीक्षा आटोपल्या की होस्टेल रिकामं होतं. या सुट्टीत चार दिवस भाकरी शिकून बघा! कृषी पर्यटन केंद्रांवर पाहुण्यांना चुलीपुढे बसवून भाकरी थापायला देतात. राज्य सरकारनेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. पण आपल्यातल्या कित्येकांना पैसे मोजायची गरजच नाही. गावाकडे आजी, मामी, आत्या आहेतच की!

खंडाळा म्हटलं की लोणावळ्याशेजारचाच आठवतो. आपला खंडाळा सातारा जिल्ह्यातला, पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडचा. कमी पावसाचा भाग, त्यामुळे ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी आणि पिठलं नाहीतर खर्डा.

आधी थिअरी. गव्हाच्या पिठात ग्लुटेनचं जाळं तयार होतं, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही. मग पीठ धरून ठेवायचं कुणी? स्टार्चने! कढत पाणी घातलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पिठाला चिकटपणा येतो. म्हणून नवशिक्याने गरम पाणीच घ्यावं, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ भिजवावं आणि तळहाताने चांगलं रगडून मळावं. परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापायला घ्या. थापता थापता भाकरी गोल फिरत राहिली पाहिजे. फिरायची थांबली, की खाली चिकटली समजा.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच पाण्याचा हात फिरवा, म्हणजे पृष्ठभाग वाळून तडकत नाही. पाणी सुकत आलं की उलटा आणि ही बाजू नीट भाजू द्या. मग तवा उतरवून पहिली बाजू विस्तवाकडे धरा. आतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते, आणि पापुद्रा टम्म वर उचलला जातो. कुठे चीर असेल तर वाफ निसटते. रिंग खराब झालेल्या कुकरसारखंच!

कडा फुटतात? पाणी कमी, मळणं कमी, किंवा पीठ जुनं. अशा पिठाची 'विरी गेली' असं बायका म्हणतात. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळलेलं पीठ लवकर कडू होतं. म्हणून दळण थोडंच आणायचं.

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याच्या मापाने कित्येकांना स्वयंपाक शिकवला. भाकरीच्या पाण्याचं माप मात्र दर दळणाला बदलतं. ते हातालाच कळतं. शुद्ध फीडबॅक कंट्रोल! म्हणून वाचून भागत नाही, शेजारी बसून करावंच लागतं.

आणि एक. पहिली भाकरी फुगली की फोटो काढून उठू नका. घरातल्या सगळ्यांच्या भाकरी करा, चूल पेटवण्यापासून. धूर डोळ्यांत जाऊ दे, बोटं भाजू देत, पाठ भरून येऊ दे. घरात हे काम रोज, दोन वेळा, कोण करतं आणि त्याला आपण 'काम' म्हणतो का, हे तेव्हा आपोआप कळतं. सावित्रीबाई फुले ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मल्या ते नायगाव याच खंडाळा तालुक्यातलं. तेव्हा 'भाकरी पोरींनी शिकायची' ही सबब निदान इथे तरी चालायची नाही.

नोकरीसाठी परक्या शहरात गेल्यावर मेस बंद असलेल्या रात्री ही विद्या पोटाला आधार देईल. तोवर सुट्टी संपायच्या आत सरावाच्या पंचवीसेक भाकरी तरी होऊ द्या.