प्रत्येक पोटदुखी पित्ताची नसते : गरोदर बाईतील ‘हेल्प सिंड्रोम’

सातव्या महिन्यानंतर गरोदर बाईला बरगड्यांखाली, उजवीकडे दुखू लागले, उलट्या झाल्या की आपल्या घरात एकच निदान होते : पित्त. गोळी देऊन तिला झोपवतात. आम्हाला भीती वाटते ती याच गोळीची. कारण हा ‘हेल्प सिंड्रोम’ असू शकतो. त्यात तांबड्या रक्तपेशी फुटतात, यकृताला इजा होते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात. आई आणि बाळ दोघेही दगावू शकतात.

बहुतेकींचे बीपी वाढलेले असते. पण काहींचे नॉर्मल भरते आणि तिथेच फसगत होते. म्हणून बीपी पाहून परत फिरू नका. सीबीसी, एसजीओटी-एसजीपीटी आणि एलडीएच या तपासण्या त्याच दिवशी करायला सांगा. प्लेटलेट १ लाखाखाली, एलडीएच ६०० च्या वर आणि यकृताचे आकडे दुपटीहून जास्त असतील, तर डॉक्टर हेच निदान धरतात.

खरा उपाय प्रसूतीच. ३४ आठवडे भरले असतील तर थांबत नाहीत. त्याआधी, आईची प्रकृती स्थिर असेल तरच, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइड देऊन एक-दोन दिवस थांबतात. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट देतात. बाळंतपणानंतरच्या ४८ तासांतही हा आजार उद्भवतो. ‘सुटली एकदाची’ म्हणून निर्धास्त होऊ नका.

रक्तपेढी असलेले मोठे रुग्णालयच गाठा, १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तपासण्या, औषधे, रक्त मोफत आहे; कोणी पैसे मागितले तर योजनेचे नाव घेऊन बोला. आणि वस्तीतल्या रक्तदात्यांचे नंबर आजच लिहून ठेवा.