कल्याणच्या बत्तीस डिश

नारायणगावजवळची खोडदची जीएमआरटी दुर्बीण मराठी वाचकाला परकी नाही. तिचा पहिला धडा मात्र कल्याणात गिरवला गेला. एप्रिल १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या तरुणांनी कल्याणजवळ सुमारे सहा फूट व्यासाच्या बत्तीस डिश रांगेने उभ्या केल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याकडे कान लावला. संस्थेची ही पहिली रेडिओ दुर्बीण.

डिश नव्या नव्हत्या. सिडनीजवळच्या पॉट्स हिलला क्रिस्तिआन्सेन या शास्त्रज्ञाने सूर्याच्या निरीक्षणासाठी त्या उभारल्या होत्या. भारतीय शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ मध्ये प्रशिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात गेले, तेव्हा १४२० मेगाहर्ट्झवर चालणारी ही रांग त्यांनी आर. पार्थसारथी यांच्यासोबत ५०० मेगाहर्ट्झवर आणली. पुढे तिथे तिची गरज संपली, तेव्हा ती भारताला मिळावी म्हणून स्वरूप यांनीच खटपट केली. डिश दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोहोचल्या आणि काही वर्षं तशाच पडून राहिल्या. टाटा संस्थेच्या होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये स्वरूप अमेरिकेतून परतले, तेव्हा कुठे या डिशचं नशीब उघडलं. एन. व्ही. जी. सरमा, एम. एन. जोशी, विजय कपाही असे तरुण स्वरूप यांना येऊन मिळाले.

या दुर्बिणीची खरी गंमत तिच्या मांडणीत आहे. ६१० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४९ सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरीपुढे सहा फुटी डिशची नजर अगदी ढोबळ ठरते. तिला आकाशाचा जवळजवळ वीस अंशांचा भाग एकदम दिसतो, आणि सूर्य तर जेमतेम अर्ध्या अंशाचा. त्यावरचा तपशील टिपायचा कसा? म्हणून २४ डिश पूर्व-पश्चिम ६३० मीटरवर आणि ८ डिश दक्षिणोत्तर २५६ मीटरवर मांडल्या. दिंडीतले टाळ एका ठेक्यात पडावेत तसे सगळ्यांचे संकेत एकत्र मिळवले की नजर २.३ गुणिले ५.२ कला इतकी बारीक होते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग.

डिश विरळ ठेवल्याची किंमतही असते. एका झोताऐवजी, म्हणजे नजरेच्या एका दिशेऐवजी, अनेक झोत तयार होतात. पूर्व-पश्चिम रांगेत दोन डिशमध्ये साधारण साडेसत्तावीस मीटर, म्हणजे सुमारे ५६ तरंगलांब्या अंतर पडतं, त्यामुळे हे झोत जवळपास एकेका अंशावर येतात. अर्ध्या अंशाचा सूर्य त्यांच्यापैकी एकाच वेळी एकाच झोतात सापडतो आणि पृथ्वी फिरते तसा साधारण चार मिनिटांनी पुढच्या झोतात जातो. अंतर दुपटीहून जास्त ठेवलं असतं, तर सूर्य दोन झोतांत एकदम अडकून सगळा घोळ झाला असता. कारागिरीचा कस लागतो तो डिश जोडणाऱ्या तारांमध्ये. एखाद्या डिशकडून येणारी वाट दहा-बारा सेंटिमीटरने जरी लांबली, तरी तिचा संकेत पाव लहर मागे पडतो आणि बेरीज बिघडते.

१९६८ पर्यंत ही दुर्बीण चालली. सूर्याच्या प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचं आणि बिंबाच्या कडा मध्यापेक्षा उजळ असल्याचं तिच्या निरीक्षणांतून दिसलं. याच चमूने पुढे १९७० मध्ये उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली. त्यानंतर स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आल्या, त्याही पत्र्याच्या नव्हेत, तारेच्या जाळीच्या. जाळीचं भोक तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून लहान असलं, तर लहर त्यातून सहसा निसटत नाही. खर्च आणि वाऱ्याचा दाब, दोन्ही वाचतात.

डिश असो की साधी तार, अँटेना आधी आकड्यांत बनते आणि मग धातूत. आज हे आकडे मांडायला मोठी संस्था लागत नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा एनईसी-२ हा १९८१ चा प्रोग्राम मोफत मिळतो. तो अँटेनाच्या तारेचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकातला विद्युतप्रवाह काढतो आणि झोताचा आकार दाखवतो. सुरुवात सोपी करावी. आकाशवाणीच्या १०७.१ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येकी ६६ सेंटिमीटरच्या दोन तारा एका रेषेत टोकाजवळ टोक ठेवल्या की डायपोल झाला. मॉडेलमध्ये तो आधी मोकळ्या हवेत तपासावा. मग डोंबिवलीतल्या कुठल्याही फ्लॅटला असते तशी खिडकीची लोखंडी ग्रिल शेजारी काढावी. जुळवलेली वारंवारता सरकते, झोत वाकतो. तार कापण्याआधीच कळतं की अँटेना ग्रिलपासून लांब हवी.

कल्याणच्या रांगेसाठी तर एवढंही नको. संगणकावर पाच-दहा ओळींत २४ बिंदू, ६३० मीटर आणि ६१० मेगाहर्ट्झ भरले की अंशाअंशावर उभे झोत पडद्यावर दिसतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांनी हा प्रकल्प दरवर्षी विद्यार्थ्यांना द्यावा. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणापेक्षा तो जास्त शिकवेल, आणि तो आपल्याच गावचा आहे.