गुळवेल : ओळखून घ्या, सांगून विका

मराठीतील गुळवेल म्हणजेच हकीमांची गिलो. ताप, अशक्तपणा व पचनाच्या तक्रारींवर हकीम आणि वैद्य तिचे खोड पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. खोडातून निघणाऱ्या पांढऱ्या भुकटीला सत-ए-गिलो म्हणतात. २०२० साली कोरोना आला आणि घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या कातकरी तरुणांच्या वनधन केंद्राला तर ३५० टनांची, १ कोटी ५७ लाख रुपयांची ऑर्डर मिळाली.

याच काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. हा अहवाल २०२१ मध्ये छापून आला. आयुष मंत्रालयाने तो मान्य केला नाही. वनस्पतीची ओळख पक्की केलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी असेच ४३ रुग्ण नोंदवले. त्यातील अनेकांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती. वाद मिटलेला नाही, पण व्यापाऱ्याने घ्यायचा धडा स्पष्ट आहे.

पहिली गोष्ट, माल ओळखा. २०२२ मध्ये मंत्रालयानेच सांगितले की, औषधी गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात घातक ठरू शकते. अस्सल वेलीचे ताजे खोड हिरवे असते आणि त्यावर गाठी नसतात. दुसरीचे खोड करडे, गाठीगाठींचे असते व त्यातून दुधासारखा चीक निघतो. वाळलेल्या तुकड्यांत किंवा भुकटीत हा फरक दिसत नाही. म्हणून माल खात्रीच्या माणसाकडूनच व पक्क्या बिलावर घ्यावा.

दुसरी, गिऱ्हाइकाला सांगा. यकृताचा किंवा संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असणारांनी, गरोदर बायकांनी आणि साखरेच्या गोळ्या घेणारांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर काढा बंद करून तडक दवाखाना गाठावा.

तिसरी, कायदा. युनानी औषध विकण्यास परवाना लागत नाही, पण तयार करण्यास लागतो. "मधुमेह बरा होतो" अशी पाटी लावणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

देहूरोडच्या बाजारात आम्ही कापडवाले टेरिकॉटला सुती म्हणून विकले, तर गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात. औषधात जीव जाऊ शकतो. मालातला ऐब सांगणे ही हलाल व्यापाराची शर्त आहे. ती इथे सर्वांत आधी पाळली पाहिजे.