निसर्ग-अभ्यासाची रेखाटनवही आणि मिश्र माध्यमे

महाराष्ट्रातील कलामहाविद्यालयांत पायाभूत वर्गापासूनच विद्यार्थ्याला एक रेखाटनवही ठेवावी लागते, आणि तिच्यात झाडे, पाने, फुले, दगड, शंख, पक्षी, कीटक असे जे जे प्रत्यक्ष पाहिले त्याची रेखाटने भरून ती वर्षअखेरीस तपासणीसाठी द्यावी, अशी अपेक्षा असते. या वहीत पेन्सिलीबरोबर शाई, जलरंग, मेणखडू, कोळसा, चिकटवलेले कागद, पानांचे ठसे अशी अनेक साधने एकाच पृष्ठावर आलेली दिसतात. एकाच चित्रात दोन किंवा अधिक द्रव्ये वापरण्याच्या या पद्धतीला मिश्र माध्यम म्हणतात. तिच्याकडे पुष्कळदा सजावटीची हौस म्हणून पाहिले जाते, आणि पुष्कळ वह्यांत ती तशी असतेही. परंतु निसर्गाचा अभ्यास हा वहीचा हेतू असेल, तर माध्यमाची निवड हा त्या अभ्यासाचाच भाग ठरतो. कातळाचा खरखरीतपणा, पाकळीची पारदर्शकता आणि फांदीचा जोर हे तीन वेगळे गुण आहेत, आणि ते तिन्ही एकाच पेन्सिलीने सारख्याच ताकदीने टिपता येत नाहीत. कोणत्या वस्तूपुढे कोणते साधन उचलावे हे ठरविताना, त्या वस्तूचा नेमका कोणता गुण आपण पाहत आहोत, हे विद्यार्थ्याला आधी ठरवावे लागते, आणि वहीतले खरे शिक्षण तेथे घडते.

मिश्र माध्यम ही संज्ञा आधुनिक असली तरी व्यवहार जुना आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५०३ मध्ये गवताच्या एका ढेकळाचा जो अभ्यास केला आणि जो आज व्हिएन्नातील आल्बर्टिना संग्रहालयात आहे, त्यात पारदर्शक जलरंग, अपारदर्शक जलरंग आणि लेखणीची शाई अशी तीन द्रव्ये एकत्र आली आहेत. अपारदर्शक जलरंग म्हणजे ज्यात पांढऱ्याचा अंश मिसळल्यामुळे खालचा थर झाकला जातो असा रंग. रस्त्याकडेच्या सामान्य गवतासाठी एवढी तजवीज का, याचे उत्तर त्या चित्रातच मिळते, कारण पात्यांच्या गर्दीत मागचे पाते पातळ थराने दूर गेले आहे आणि पुढचे जाड थराने जवळ आले आहे. पुढच्या शतकात मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) हिने सुरवंटापासून फुलपाखरापर्यंतच्या अवस्थांचा अभ्यास करताना चर्मपत्राच्या लहान तुकड्यांवर जलरंगांत चित्रे काढून ती एका अभ्यासवहीत लावली आणि त्यांच्याबरोबर निरीक्षणांची टिपणे लिहिली. किशोरवयात सुरू झालेली ती नोंद तिने सुरीनामच्या प्रवासातही (१६९९–१७०१) चालू ठेवली, आणि १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या सुरीनामी कीटकांवरील ग्रंथाच्या मागे हा सगळा अभ्यास उभा आहे. चित्र आणि लेखी टिपण यांची जोड हा निसर्गवहीचा कणा आहे, हे मेरियनइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखविले असेल.

भारतीय परंपरेत हेच काम दरबारी चित्रशाळेत होत होते. जहांगीरचा चित्रकार मन्सूर याने १६२० च्या काश्मीर-भेटीत शंभराहून अधिक फुले चितारली, असे खुद्द बादशहाच्या आत्मवृत्तात नमूद आहे. मोगल पद्धतीत आधी बारीक आरेखन, त्यावर पांढऱ्याचा पातळ थर, मग अपारदर्शक रंगांचे थर आणि शेवटी कागद उलटा ठेवून गारगोटीने घोटणे, असा क्रम असे. ही पूर्ण केलेली चित्रे होत, वहीतले अभ्यास नव्हेत, हा फरक विसरता कामा नये. तथापि जिवंत पक्ष्यासमोर बसून पिसांचा पोत टिपल्याशिवाय मन्सूरचे क्रौंच आणि टर्की संभवत नाहीत.

मराठी आणि कोकणी भाषकांशी अधिक निकटचा संबंध दोन उपक्रमांचा आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोकणी वैद्यांचे साहाय्य होते, आणि त्यातील चित्रांवर वनस्पतींची नावे इतर लिप्यांबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. दुसरा उपक्रम पुण्याजवळच्या दापोडीचा. तेथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून शंभराहून अधिक वनस्पतिचित्रे करवून घेतली, जी आज एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानात ‘दापुरी चित्रे’ म्हणून जतन केलेली आहेत. गिब्सनचे नाव टिकले आणि चित्रकाराचे हरवले, ही गोष्ट त्या काळाच्या रीतीला धरून असली तरी खेदाची आहे, कारण दख्खनच्या भूमीवर हातात कुंचला घेऊन वनस्पतीकडे इतक्या निष्ठेने पाहणारी ती व्यक्ती आजच्या विद्यार्थ्याची थेट पूर्वज आहे.

संस्थात्मक कलाशिक्षणाने या दृष्टीला एकाच वेळी बळही दिले आणि बांधही घातला. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांचे चित्रकलेच्या प्राथमिक अभ्यासावरील पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, ज्यात विद्यार्थ्याला एखादा साधा दगड किंवा झाडाची फांदी समोर ठेवून नीट पाहून काढायला सांगितले होते. भारतातल्या कलाशाळांवर मात्र लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या कलाशिक्षण-पद्धतीचा प्रभाव राहिला. तीत छापील बाह्यरेषा, भूमितीय आकार आणि प्लास्टरचे नमुने यांच्या नकलांना अग्रक्रम असे. तरीही १८६५ मध्ये मुंबईच्या शाळेत आलेल्या लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारख्या शिक्षकांनी स्थानिक पाने-फुले आणि पशुपक्षी यांना अलंकरणात स्थान दिले. १८७८ ते १८८७ या काळात उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, दगडी नक्षीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तेथली पाने, पक्षी आणि प्राणी पाहताना वहीतला अभ्यास पाषाणापर्यंत कसा पोहोचू शकतो हे कळते. याच शाळेत शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी पुढे कोल्हापुरात कोटितीर्थाच्या परिसराची जी चित्रे पुन्हापुन्हा काढली, त्यांत एकच जागा वेगवेगळ्या प्रकाशात पाहण्याचा संयम दिसतो.

महाविद्यालयात येणारा मराठी विद्यार्थी त्याआधी बहुधा शासकीय रेखाकला परीक्षांतून, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट यांतून, आलेला असतो. त्यांतील वस्तुचित्राने त्याचा हात तयार होतो, हे मान्य करावे लागेल. पण स्मरणचित्राच्या सरावात झाडाचा एक ठरीव आकार हातात इतका बसतो की आंबा, वड आणि बाभूळ हे तिन्ही एकाच घुमटाखाली येतात. रेखाटनवहीचे पहिले काम हे ठरीव आकार मोडणे हे आहे, आणि अनोळखी माध्यम त्याला मदत करते, कारण सरावलेला हात सरावलेल्या पेन्सिलीनेच सरावलेले झाड काढतो. बोरूने, म्हणजे बांबूच्या किंवा वेताच्या तासलेल्या काडीने, शाईत बुडवून काढलेली रेषा मध्येच संपते, पुन्हा जाड होते, आणि खोडता येत नाही. तेवढ्यामुळे विद्यार्थ्याला प्रत्येक फांदी कोठून फुटते ते पाहूनच काढावी लागते.

साधनांचा विचार कागदापासून सुरू होतो. कागदाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावरून सांगतात. १५० ग्रॅमच्या आसपासचा कार्ट्रिज कागद पेन्सिल, शाई आणि हलका वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर, सोसतो, पण भरपूर पाणी टाकल्यास त्याला वळ्या पडतात, तर ३०० ग्रॅमचा जलरंगी कागद सपाट राहतो. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या केंद्रांतून मिळणाऱ्या कागदाचा पोत मुळातच खडबडीत असल्याने त्यावर कोळसा आणि खडू सुंदर धरतात. कागदावर खळ कितपत चढवली आहे, यावर पाणी वर राहणार की आत जिरणार हे अवलंबून असते, आणि हे एकेका कागदाच्या कोपऱ्यावर थेंब टाकून तपासणे हाच खात्रीचा मार्ग होय.

माध्यमे एकत्र आणताना क्रमाला महत्त्व आहे. तेलकट किंवा मेणाचे द्रव्य पाण्याला दूर सारते, म्हणून मेणखडू आधी आणि जलरंग नंतर, असा क्रम ठेवल्यास मेणाखालची जागा कोरी राहते. या तंत्राला रोधन म्हणता येईल. उलट, जलरंगाच्या वाळलेल्या थरावर कोळसा छान बसतो, पण कोळशावर ओला कुंचला फिरविला तर सगळे मळकट होते. लाखेचा अंश असलेली चित्रकारांची काळी शाई वाळल्यावर पाण्याने विरघळत नाही, तर फाउंटन पेनची शाई विरघळते. पहिलीने रेषा काढून वर रंग देता येतो, आणि दुसरीच्या रेषेवर ओला कुंचला फिरवून तिची सावली करता येते. पोस्टर रंगाचा पांढरा, जो दवाच्या थेंबासाठी किंवा पिसाच्या कडेसाठी लागतो, तो सर्वांत शेवटी. ओल्या वॉशवर मिठाचे खडे टाकले की ते भोवतालचे पाणी ओढून घेतात आणि तेथे फिकट चांदण्या उमटतात. कातळावरच्या दगडफुलासाठी हा उपाय चपखल आहे, परंतु तो प्रत्येक पृष्ठावर आला की त्यातला अर्थ जातो.

सागाच्या पानाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून सागाच्या पानांवर एका पतंगाच्या अळ्या शिरांमधला हिरवा भाग खाऊन टाकतात, आणि मग पानाची तपकिरी जाळी तेवढी उरते. अशी जाळी पेन्सिलीने रेषेमागून रेषा काढत चितारायला घेतल्यास विद्यार्थी थोड्याच वेळात दमतो आणि उरलेल्या शिरा मनाने भरू लागतो. त्याऐवजी नुकतेच गळलेले, अजून शाबूत असलेले पान, ज्याच्या खालच्या बाजूला शिरा उठून दिसतात, ते पालथे ठेवून त्यावर पातळ कागद धरावा आणि पांढऱ्या मेणबत्तीची कड हलक्या हाताने घासावी. कागदावर त्या वेळी काहीच दिसत नाही. मात्र पातळ तपकिरी जलरंगाचा वॉश दिला की मधली शीर, तिच्यातून निघणाऱ्या दुय्यम शिरा आणि त्यांना शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे जोडणाऱ्या बारीक शिरा फिकट रंगात उमटतात. हा ठसा फाडून वहीत चिकटवावा, त्याच्या शेजारी खाल्लेल्या जाळीचा एक बोटभर तुकडा टाकाने आणि काळ्या शाईने मोठा करून काढावा, आणि अळी दिसली असेल तर तिचे पेन्सिलीने आकारमानासह टिपण करावे. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की तांबडा रंग सुटतो. त्याचा एक पट्टा त्याच पृष्ठावर ओढून शेजारी तारीख लिहिल्यास तो रंग उजेडात कसा बदलतो तेही पुढे पाहता येते. या एका पृष्ठावर ठसा, रोधन, शाई, पेन्सिल आणि वनस्पतीचा स्वतःचा रंग अशी पाच साधने आली, आणि त्यांपैकी एकही केवळ शोभेसाठी आलेले नाही.

नैसर्गिक रंगांची ओढ विद्यार्थ्यांत वाढते आहे आणि ती स्वागतार्ह आहे, परंतु त्यांच्या टिकाऊपणाची जाण हवी. हळदीचा आणि पळसाच्या फुलांचा पिवळा उजेडात फिका पडतो; गेरू मात्र लोहाच्या ऑक्साइडचा असल्यामुळे शतकानुशतके टिकतो. कोकणातल्या जांभ्या दगडाचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडमुळेच असतो, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या विद्यार्थ्याने जांभ्याच्या चिऱ्याचा अभ्यास गेरूने केला, तर चित्राचा रंग आणि दगडाचा रंग एकाच द्रव्यापासून आलेला असतो. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टला कोळसा असाच साजतो.

ऋतूही माध्यम ठरवितो. २०१२ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या पश्चिम घाटातील कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे फुलतात, तेव्हा हवेत एवढा दमटपणा असतो की जलरंगाचा एक थर वाळायला फार वेळ लागतो. तेथे पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली कोरड्याच वापरून पाणी घरी आल्यावर फिरविणे शहाणपणाचे. फुले खुडू नयेत आणि पठारावर गवतात पाय देऊ नये, हे तर चित्रकाराला इतरांहून अधिक कळायला हवे. कारवी कित्येक वर्षांच्या अंतराने एकदाच सामूहिकपणे फुलते. तिच्या न फुललेल्या वर्षांतल्या काटक्या, खरखरीत पाने आणि उतारावरची दाटी यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी फार थोडे, आणि खरे तर तीच कारवी बहुतेक वर्षे डोळ्यांसमोर असते.

या सर्व कामावर आज दोन सवयींचे सावट आहे. एक म्हणजे मोबाइलवरच्या छायाचित्रावरून काढणे. छायाचित्राने खोली, प्रकाशाचा तोल आणि चौकट हे तिन्ही निर्णय आधीच घेतलेले असतात, म्हणून उडून गेलेल्या पक्ष्याचा तपशील पडताळण्यापुरता त्याचा उपयोग ठीक, पण समोर उभ्या असलेल्या उंबराचे रेखाटन पडद्यावरून करणे म्हणजे अभ्यास सोडून देणे होय. दुसरी सवय सबमिशनच्या आदल्या आठवड्यात वही भरून काढण्याची. तिची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यावर टाकता येत नाही, कारण पृष्ठांची संख्या मोजणारी तपासणी तेच शिकविते. तपासणाऱ्याने प्रत्येक पृष्ठावरील तारीख, ठिकाण, वेळ आणि हवामान पाहिले, एकाच झाडाचे वर्षभरातले चार-सहा अभ्यास मागितले, आणि फसलेले पृष्ठ फाडले नाही याला गुण दिले, तर वहीचे स्वरूप आपोआप बदलेल.

मिश्र माध्यमांच्या वहीला जपणुकीचीही गरज असते, आणि तिच्याकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते. कोळसा आणि खडू असलेल्या पृष्ठांवर फिक्सेटिव्ह, म्हणजे द्रव्य कागदाला धरून ठेवणारा फवारा, मारून मध्ये बटर पेपर घालावा. तैलखडूची पृष्ठे समोरच्या पृष्ठाला चिकटतात, तेथेही तोच उपाय. चिकटवलेली पाने पूर्ण वाळलेली नसतील तर पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि ती शेजारच्या पानांवर पसरते, म्हणून ठसा घेऊन मूळ पान टाकून देणे कोकणात आणि गोव्यात अधिक श्रेयस्कर. महाविद्यालयांनी दरवर्षी निवडक वह्या विद्यार्थ्यांच्या नावांनिशी ग्रंथालयात ठेवल्या, तर एखाद्या परिसरातल्या झाडांचे आणि ऋतूंचे तारीखवार चित्ररूप दप्तर पुढच्या तुकड्यांना आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनाही उपलब्ध होईल.