पर्सेंटाइल आणि पांगुळगाडा

लातुरात पर्सेंटाइल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उद्योग भवन परिसरातल्या शिकवण्यांच्या पाट्यांवर, रिक्षांच्या पाठीवर, नीटच्या निकालानंतर चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांवर तो वर्षभर भेटतो. नांदेडातही आता तेच. त्यामुळे इथल्या बालरोगतज्ज्ञाने फाइल उघडून ‘वजन पंधराव्या पर्सेंटाइलवर आहे’ असे म्हटले, की बापाचा चेहरा उतरतो. पंधरा म्हणजे नापासच की, असे त्याच्या मनात येऊन जाते.

वाढीच्या तक्त्यावरचा पर्सेंटाइल परीक्षेतला नव्हे. एकाच वयाची शंभर निरोगी मुले हलक्यापासून जडापर्यंत रांगेत उभी केली, तर हलक्या टोकाकडून पंधराव्या जागी जे असेल त्याचे वजन म्हणजे पंधरावा पर्सेंटाइल. त्या रांगेतली शंभरही मुले धडधाकट आहेत. नव्वदावे मूल पंधराव्यापेक्षा हुशार नाही, जास्त निरोगीही नाही, ते फक्त जड आहे. आणि रांग म्हटली की पंधराव्या जागी कुणीतरी असणारच.

डॉक्टर बघतात ते ठिपक्यांची ओळ. समजा, एक मुलगी जन्मली तेव्हा २.८ किलोची होती, सहाव्या महिन्यात ६.४ किलो भरली आणि वर्षाची झाली तेव्हा ७.९ किलो. तिन्ही ठिपके पंधराव्याच रेषेवर पडतात. ही मुलगी आपल्या वाटेने नीट चालली आहे. आता दुसरे लेकरू घ्या. मुलगा, सहाव्या महिन्यात ८.९ किलो, गुटगुटीत, गल्लीत सगळ्यांचा लाडका. नवव्या महिन्यात पुन्हा काट्यावर ठेवला, तर ८.९ किलोच. तक्त्यावर तो आज बरोबर पन्नासाव्या रेषेवर आहे, अगदी मधोमध. घरच्यांना काळजी नाही, पण डॉक्टरांना आहे, कारण तीन महिने काटा हललेला नाही. सहा ते अठरा महिन्यांच्या काळात काही मुले आईबापांच्या बांध्याप्रमाणे एखादी रेषा हळूहळू बदलतात, ते चालते. वजन जागीच थांबणे वेगळे. मधे हगवण झाली होती का? वरचे अन्न म्हणून काय देता? बहुतेक घरांतून उत्तर येते, वरणाचे पाणी. त्या पाण्यात पाणीच जास्त असते. लेकराला हवे घट्ट वरण, कुस्करलेला भात किंवा भाकरी आणि वर तेला-तुपाची धार.

एकाच मुलाची ओळ काढून बघण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या मोंबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे, दर सहा महिन्यांच्या सुमारास, आपल्या मुलाची उंची मोजून लिहून ठेवली. त्याच्या मित्राने, निसर्गशास्त्रज्ञ बुफाँने, ती नोंद छापली. वाढीच्या शास्त्रात आजही ती पहिली मोठी नोंद म्हणून दाखवतात. ती एका बापाने घरी केलेली आहे.

आपल्या अंगणवाडीतला आणि दवाखान्यातला तक्ता मात्र एका मुलाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुले मोजली. भारतातली दक्षिण दिल्लीची होती. आईचे दूध मिळालेली, आई धूम्रपान न करणारी, खाण्यापिण्याची व औषधोपचाराची ददात नसलेली अशीच मुले निवडली होती. निघाले असे, की दिल्लीचे लेकरू आणि ऑस्लोचे लेकरू पाच वर्षांपर्यंत जवळजवळ सारखेच वाढते. २००६ साली त्यावरून नवे तक्ते जाहीर झाले आणि २००८पासून भारतानेही ते स्वीकारले.

हा निष्कर्ष मराठवाड्याने नीट ऐकायला हवा. ‘आमच्याकडची लेकरं बारीकच असतात’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. एखाद्या घरासाठी ते खरेही असू शकते. आईबाप दोघेही ठेंगणे असतील तर मूल खालच्या रेषेवर वाढेल आणि उत्तम वाढेल. पण अख्ख्या तांड्यातली, अख्ख्या वस्तीतली लेकरे खालच्या रेषांखाली दाटीने दिसू लागली, तर त्यांचे मूळ रक्तात नसते. तिथे दोष ताटाचा, पाण्याचा, आईच्या पंडुरोगाचा आणि कोवळ्या वयातल्या लग्नांचा असतो. एकट्या मुलाकडे बघताना पर्सेंटाइलला घाबरू नये आणि गावाकडे बघताना त्याच्याकडे डोळेझाक करू नये, अशी ही दुहेरी गोष्ट आहे.

मराठवाड्याने एकदा ती करून दाखवली होती. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली सुरू झाले, ते मुंबईतून नव्हे, तर तेव्हाच्या औरंगाबादेतून. त्याआधी विभागातल्या जिल्ह्यांत सनदी अधिकारी व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने प्रत्येक लेकराचे वजन घ्या आणि जे भरेल तेच लिहा, असा आग्रह धरला गेला होता. ऐकायला साधे वाटते. पण खरे वजन लिहिले की कुपोषितांचा आकडा फुगतो आणि सेविकेपासून वरपर्यंत सगळ्यांना जाब द्यावा लागतो. हा धाक काढून टाकणे हेच मोठे काम होते. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचे राज्यातले प्रमाण २००५-०६च्या पाहणीत ३९ टक्के होते, ते २०१२च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आले. ही वाट पुढे टिकली नाही, याचे वाईट वाटते. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के खुरटलेली निघाली.

वजनाइतकीच दुसरी तुलना चालते ती टप्प्यांची. ‘डॉक्टर, शेजारणीचं लेकरू दहाव्या महिन्यात चाललं, आमच्याला तेरावा लागला तरी नुसतं धरून उभं राहतंय!’ ज्या अभ्यासातून तक्ते आले, त्यातच पाच देशांतल्या मुलांचे बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणेही टिपले होते. धडधाकट मुले आधाराशिवाय चालू लागली ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. नऊ महिन्यांहून मोठा हा पल्ला. आधाराशिवाय बसण्याचा पल्ला ३.८ ते ९.२ महिन्यांचा. आणि शंभरातली चार मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ पुढे गेली. तेव्हा तेराव्या महिन्यात धरून उभे राहणारे लेकरू वेळेतच आहे. ते कधी चालले यावरून बुद्धीचा अंदाजही बांधता येत नाही.

सातमाशी-आठमाशी बाळांचे गणित वेगळे. आठ आठवडे आधी जन्मलेले बाळ दहा महिन्यांचे झाले, तरी टप्पे बघताना ते आठ महिन्यांचे धरायचे, दोन वर्षांपर्यंत. नवजात कक्षातून घरी गेलेल्या कितीतरी आयांना हे कुणी सांगितलेलेच नसते आणि त्या उगाच झुरतात.

चालण्याची घाई झाली की घरात प्लास्टिकचा वॉकर येतो. लेकरू मधल्या झोळीत बसते आणि पायाच्या बोटांनी जमीन ढकलत घरभर सुसाट फिरते. त्यात तोल सांभाळायची गरजच पडत नाही. चालणे लवकर येत नाही, उलट लांबू शकते. पायरीवरून कोसळणे, चुलीपर्यंत पोचणे हे धोके वेगळेच. कॅनडाने २००४ साली या वॉकरवर बंदी घातली. आपला सुताराने केलेला तीन चाकांचा पांगुळगाडा याहून शहाणा आहे. त्यात लेकरू बसत नाही, मागे उभे राहते, आपले वजन आपल्या पायांवर घेते आणि गाडा ढकलते. हात सोडला तर धपकन बसते. तोल म्हणजे काय, हे ते असेच शिकते. सोबत मोठे माणूस हवेच, पण निवड करायची झाली तर माझे मत पांगुळगाड्याला.

दीड वर्षाच्या सुमारास तक्रार बदलते. ‘जेवतच नाही.’ पहिल्या वर्षात मूल साधारण सहा किलो आणि पंचवीस सेंटिमीटर वाढते. दुसऱ्या वर्षात अडीच किलो आणि बारा सेंटिमीटर. वेग मंदावला, म्हणून भूकही मंदावली. ओळ ठीक असेल तर मोबाइल दाखवून घास कोंबू नये.

घाई करायची ती इथे: तीन महिने झाले तरी बाळ चेहरा पाहून हसत नाही, पाचव्या महिन्यातही मान धरत नाही, दहाव्यात बसत नाही, अठराव्यात चालत नाही. वर्षाचे झाले तरी हवे ते बोटाने दाखवत नाही, नावाने हाक मारली तरी वळत नाही. दोन वर्षांचे झाले तरी ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नाही. आणि आधी येत असलेली गोष्ट, बोलणे असो वा चालणे, नाहीशी झाली, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवावे. ‘ह्याचा बापबी तीन वर्षांचा झाल्यावर बोलला’ असे आजी सांगते, मायेने सांगते. पण त्या वाट बघण्यात वर्ष जाते आणि ऐकू येते का, ही साधी तपासणीही राहून जाते. मेंदू वेगाने घडत असतो त्याच काळातले हे वर्ष.

ही तपासणी पैशांवाचून अडू नये, म्हणून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत जातात आणि शंका आलेल्या मुलांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘संवेदना’ केंद्र चालते. लेकराला तिथे उशिरा नेणे आणि लवकर नेणे यांतला फरक त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्यात दिसतो.

मुखेड, कंधार, जळकोट या भागांतली बिऱ्हाडे दसरा-दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या तळावर लेकरू खोपीत किंवा फडाच्या बांधावर, झोळीत असते. बिऱ्हाड पाडव्याच्या, आखितीच्या सुमारास परतते. माय लेकराला अंगणवाडीत आणते, पिशवीत घडी करून जपलेले माता-बाल कार्ड सेविकेसमोर ठेवते. कार्डावर ऑक्टोबरचा ठिपका आहे आणि आता एप्रिलचा पडणार आहे. मधले पाच रकाने कोरे. तेच कार्ड तळाजवळच्या अंगणवाडीत दाखवून तिथेही वजन करता येते, पोषण ट्रॅकरवर नावही तिकडे वळवता येते. पण दिवस उजाडायच्या आधी फडात उतरणाऱ्या बाईला ते सांगायला कोण गेले होते? सेविका लेकराला काट्याच्या झोळीत ठेवते, काटा थांबेपर्यंत थांबते, नवा ठिपका देते. दोन ठिपक्यांमध्ये रेषा ओढण्यापूर्वी ती मायला विचारते, ‘मधी कधी आजारी पडलं होतं का गं?’