कार्ड हाय, पण चालंना

लॅपटॉपच्या पोटात एक छोटे कार्ड असते. ते वाय-फाय पकडते. ते चालले नाही तर काय करावे ते मी सांगतो. हे मी दादाजवळ बसून वहीत लिहून घेतले आहे.

आमच्या लॅपटॉपमध्ये लिनक्स आहे. लिनक्स १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केले. ते फुकट मिळते व जुन्या यंत्रावरही चालते. दादाने त्यातले डेबियन ११ घातले आणि वाय-फाय दिसेनासे झाले. नेमकी त्याच दिवशी ताईच्या नवोदयच्या फॉर्मची शेवटची तारीख. तिचा फोटो व सहीचा कागद लॅपटॉपमध्येच होता. ताई रडकुंडीला आली.

दादा म्हणाला, "रडू नको गं. आधी दोष कुठं हाय ते बघू." बाबांच्या मोबाइलचे नेट आईच्या मोबाइलला लागले. म्हणजे नेट ठीक, दोष लॅपटॉपचा.

मग काळ्या खिडकीत मी एलएसपीसीआय हा हुकूम लिहिला. पण पहिल्या एलच्या जागी एकचा आकडा दाबला, म्हणून यंत्राला कळले नाही. दोन्ही सारखेच दिसतात की! नीट लिहिल्यावर यादी आली. तिच्यात इंटेलचे वायरलेस कार्ड होते. यादीत नसते तर ते सैल झाले असेल किंवा जळाले असेल. नंतर आरएफकिल लिस्ट. काही लॅपटॉपला वाय-फायचे बटण असते. ते चुकून बंद झाले तर इथे हार्ड ब्लॉक्डपुढे यस येते. आमच्यात नो आले.

शेवटी सुडो डीएमईएसजी. यंत्र सुरू होताना काय काय घडले ते त्यात लिहिलेले असते. लई लांब असते. त्यात फर्मवेअर सापडले नाही अशी ओळ होती.

फर्मवेअर म्हणजे कार्डाला काम शिकवणारी फाईल. लॅपटॉप बंद केला की कार्डाची पाटी कोरी होते. म्हणून सुरू होताना लॅपटॉप ती फाईल त्याला दर वेळी पुन्हा देतो. डेबियन ११ सोबत ती येत नसे. २०२३ सालच्या डेबियन १२ पासून येते.

पण फाईल आणायला नेट पाहिजे, आणि नेटला फाईल पाहिजे! दादाने चार्जिंगच्या वायरने मोबाइल लॅपटॉपला जोडला व मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केले. कार्डाशिवाय नेट आले. दादा फाईल शोधायला बसला तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, नेट आलं ना? मग आधी पोरीचा फॉर्म भर की!"

दादा गप्पच झाला. फॉर्म भरला. मग त्याने सॉफ्टवेअर कुठून घ्यायचे त्या यादीत नॉन-फ्री हा शब्द घातला, फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय बसवले व लॅपटॉप बंद करून चालू केला. वाय-फाय दिसू लागले. वायर काढली तरी नेट चालू राहिले. तोवर ताई झोपली होती.

— इयत्ता चौथी